आराम सांगितलाय

ॲसिडिटी

मला हार्ट अटॅक आला तेव्हा माझ्या तोंडात शिट्टी होती. फुंकायला गेले आणि आवाजच निघाला नाही.

मी सुजाता राऊत, वय त्रेपन्न. बोईसरच्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं खेळाची बाई. सकाळी सातला खो-खोच्या मुलींचा सराव असतो. कारखान्यांच्या बाजूने वारा आला की घसा झोंबतो, त्याची आम्हाला सवय आहे. त्यामुळे त्या दिवशी घशाशी आवळल्यासारखं झालं तेव्हा मला वाटलं, आज वारा तिकडचा आहे. मग कळ जबड्यात चढली. तिथून डाव्या खांद्याच्या मागे गेली. अंगातला टी-शर्ट पिळून काढावा इतका घाम. मुलींना पाणी प्यायला पाठवलं आणि मी पायरीवर बसले. अर्ध्या तासाने जरा बरं वाटलं, म्हणून पुढचे तासही घेतले.

शाळा सुटल्यावर घराजवळच्या डॉक्टरकडे गेले.

"काल काय खाल्लं होतं?" त्यांनी विचारलं.

"वालाचं बिरडं."

"झालं तर मग. ॲसिडिटी. पाळी गेली का तुमची?"

"दोन वर्षं झाली."

"मग हे असं अधूनमधून होत राहणार. टेन्शन घेऊ नका, बाई."

गोळ्या दिल्या. छातीला स्टेथोस्कोपही लावला नाही. माझ्या जागी माझा नवरा बसला असता तर त्यांनी त्याचा ईसीजी नक्की काढला असता, हे मी आजही कुणालाही सांगायला तयार आहे. बाईच्या छातीत दुखलं की ते पोटात शोधायचं, पोटात नाही सापडलं तर पाळीत शोधायचं. घरी येऊन मी भाकऱ्या केल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले.

त्या दिवशी मात्र जिन्यात मला कठडा धरावा लागला. शाळेतल्या एका बाईंनी माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता रिक्षा बोलावली. दुसऱ्या दवाखान्यात ईसीजी काढला. तिथल्या तरुण डॉक्टरने कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही चालत वर आलात?"

"हो. दोन जिने."

त्याने नर्सला व्हीलचेअर आणायला सांगितलं. त्या क्षणापासून पुढचे दोन महिने मला कुणी धड चालू दिलं नाही.

हॉस्पिटलात

ॲम्ब्युलन्सने महामार्गावरून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मनगटातून नळी घालून दोन स्टेंट टाकले. त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवते ती खोलीतली थंडी आणि डॉक्टर आपसात कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होते ते.

आयसीयूत दिवस मोजता येत नाहीत. सकाळी स्पंज, मग रक्त, मग डॉक्टरांचा घोळका. ते फाईलशी बोलायचे. एकदा मी म्हटलं, "डॉक्टर, मी खेळाची शिक्षिका आहे. मैदानावर कधी जाता येईल?" मोठे डॉक्टर हसले. "आधी बाथरूमपर्यंत तर जा." घोळकाही हसला. अंगावर हिरवा गाऊन होता, मागून उघडा. अशा अवस्थेत माणूस उत्तर देत नाही.

त्या पाच दिवसांत एकाच माणसाने मला माणसासारखं वागवलं. वॉर्डातल्या आयाबाई होत्या त्या, सफाळ्याच्या. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "केसांची पार दोरी झालीय, बाई. बसता येतंय का?" पाठीमागे उभं राहून त्यांनी गुंता सोडवला आणि घट्ट वेणी घातली. मला रडू आलं. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच.

घरी सोडताना जाडजूड फाईल दिली. गोळ्यांची यादी, तेल कमी, मीठ कमी. सगळ्यात शेवटी एक शब्द होता, आणि त्याच्याखाली पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या. आराम. किती दिवस, कसला, कुठवर, काही नाही. माझा नवरा प्रकाश औषधांच्या कंपनीत आहे, कागदावर लिहिलेलं पाळायचं ही त्याची आयुष्यभराची शिस्त. त्याने तो शब्द वाचला आणि माझी शिक्षा सुरू झाली.

घर

प्रकाश वाईट माणूस नाही. त्याने तीन महिने कंपनीतल्या पाळ्या बदलून घेतल्या, स्वयंपाक शिकला, माझे कपडे धुतले. पण त्याने स्कूटीची किल्ली लपवली. बादली उचलू दिली नाही. खाली दूध आणायला जाते म्हटलं तर, "आराम सांगितलाय." केर काढते म्हटलं तर, "आराम सांगितलाय." पुण्याहून मुलीचा फोन आला की पहिला प्रश्न तोच, "आई, पडून आहेस ना?"

भेटायला लोक यायचे. पपई आणायचे, खुर्चीत बसायचे आणि कोण कसं गेलं ते सांगायचे. चहा पिता पिता गेला. बोलता बोलता मान टाकली. स्टेंट टाकून सहा महिनेही झाले नव्हते. माझ्यासमोर हे सांगताना त्यांना काहीच वाटत नव्हतं. जाताना म्हणायचे, "जपा हं."

दुपारी मी एकटी पडलेली असायचे. उशीला कान लागला की ठोके ऐकू यायचे. एखादा ठोका उशिरा आला असं वाटलं की हातपाय गार पडायचे. आयुष्यभर मी मुलींना सांगत आले की छाती धडधडली म्हणजे तुम्ही चांगलं पळालात. आता तीच धडधड मला मारायला आल्यासारखी वाटत होती. मीच चालणं टाळायला लागले. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जातानाही भिंतीला हात. पायाच्या पोटऱ्या, ज्यांचा मला गर्व होता, त्या दीड महिन्यात लोंबायला लागल्या.

एकदा पाऊस आला म्हणून गच्चीवरचे कपडे आणायला मी गेले. एक जिना. खाली आले तर प्रकाश दारात उभा होता.

"मरायचंय का तुला?" तो ओरडला. शेजारच्यांनी दार उघडून बघितलं.

"कपडे भिजत होते."

"भिजू देत ना! कपड्यांसाठी मरशील?"

"अहो, मी अशीच मरतेय रोज. तुम्हाला दिसत नाही का?"

मग तो माझ्या हातातले ओले कपडे घेऊन खाली बसला आणि टॉवेलमध्ये तोंड घालून रडला. एकतीस वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मला दया यायला हवी होती. मला राग आला. म्हटलं, भीतीसुद्धा यालाच वाटायची, मला काय राहिलं?

स्नेहलचा हॉल

दोन महिन्यांनी तपासणीसाठी आम्ही पालघरच्या एका हॉस्पिटलात गेलो. तिथे लिफ्टशेजारी छापील कागद चिकटवला होता. हृदयरुग्णांसाठी देखरेखीखाली व्यायाम, आठवड्यातून तीन दिवस, बारा आठवडे. मी प्रकाशला दाखवला.

"पेशंटला पळवतात?" तो म्हणाला.

मी आत गेले आणि नाव घालून आले.

पहिल्या मजल्यावर एक हॉल होता. चालायच्या दोन मशिनी, दोन सायकली, भिंतीला ऑक्सिजनचं सिलिंडर. कोपऱ्यात शॉक द्यायची पेटी, तिच्याकडे सगळे आल्या आल्या बघायचे आणि मग पुन्हा बघायचे नाहीत. चालवणारी फिजिओथेरपिस्ट स्नेहल, तिशीच्या आतली, बारीक, कडक आवाजाची. पहिल्या दिवशी तिने बोळात दोन प्लॅस्टिकचे शंकू ठेवले. शाळेत माझ्याकडे आहेत तसेच, केशरी.

"काकू, सहा मिनिटं या दोघांमध्ये चालायचं. जमेल तितकं. पळायचं नाही."

तिच्या हातात स्टॉपवॉच होतं. अठ्ठावीस वर्षं ते माझ्या हातात होतं. तिसऱ्या फेरीला मला धाप लागली. पाचव्या मिनिटाला मी भिंतीला टेकले. सातवीतली मुलगी पहिल्या दिवशी जेवढं चालेल त्याच्या निम्मंही मी चालले नव्हते. स्नेहलने आकडा लिहिला. मी वहीकडे बघितलं नाही.

बाकावर बसलेली एक बाई मोठ्याने हसली. काळी सावळी, ठसठशीत, नऊवारी गुडघ्यापर्यंत ओढून नेसलेली आणि पायात कोरे करकरीत कॅनव्हासचे बूट.

"पोरी, या मास्तरणीला पाणी दे. माज्यापेक्षा वाईट हाय ही."

ती हिराबाई. पालघरजवळच्या माहीमची कोळीण, बासष्ट वर्षांची. चाळीस वर्षं पालघरच्या बाजारात मासळी विकलेली. माझ्या आधी दोन आठवडे तिने हॉलला यायला सुरुवात केली होती. मी शिक्षिका आहे हे तिने माझ्या चालण्यावरून ओळखलं, असं ती म्हणायची. मी तिला हिरामावशी म्हणायला लागले.

भरती

सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी तीन. आधी रक्तदाब, मग छातीला तीन चिकटपट्ट्या, त्यांच्या वायरी मॉनिटरला. दहा मिनिटं हातपाय मोकळे करायचे, मग मशीन, मग सायकल, मग हळूहळू थंड व्हायचं. हे थंड होणं सगळ्यांना कंटाळवाणं वाटायचं. स्नेहल म्हणायची, "एकदम थांबलात तर चक्कर येईल." मी हेच वाक्य माझ्या मुलींना हजार वेळा सांगितलं आहे. आता कुणीतरी मला सांगत होतं आणि मी ऐकत होते.

स्नेहल दर पाच मिनिटांनी विचारायची, "किती दम लागला? सहा ते वीसमध्ये सांगा." भिंतीवर तक्ता होता, सहा म्हणजे काहीच नाही, वीस म्हणजे पार दमछाक. हिरामावशीला तो तक्ता पटायचा नाही.

"सहा काय नि वीस काय! मी तुला भरती सांगते. आता घोट्यापातूर हाय."

"आणि आता?"

"गुडघा."

"मावशी, आता?"

"कंबर भिजली. कमी कर, पोरी, होडी सुटली माजी."

स्नेहल हसायची आणि मशिनीचा वेग उतरवायची. आठवड्याभरात तिने वहीत मावशीच्या नावापुढे घोटा, गुडघा, कंबर असंच लिहायला सुरुवात केली. मीही तेच सांगायला लागले.

आम्ही दोघी शेजारी शेजारी सायकल मारायचो. मावशीच्या पोटात एकच गोष्ट खदखदत होती. अटॅक आल्यावर बाजारातल्या तिच्या जागेवर सून बसायला लागली होती.

"दीपा वाईट नाय," ती म्हणायची. "पण तिला गिऱ्हाईक कळत नाय. पापलेट दाखवताना हात कापतो तिचा. माजी जागा हाय ती. चाळीस वर्सं बसले. मला सांगतात, आये, तू घरात बस, आराम कर. घरात बसून काय करू? भिंती विकू?"

"मला ग्रंथालयात बसवणार आहेत," मी सांगितलं. शाळेतून तसा निरोप आला होता.

"मग तू पण मेलीस." आणि ती जोरात सायकल मारायला लागायची. स्नेहल ओरडायची.

चौथ्या आठवड्यात मी न थांबता वीस मिनिटं चालले. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी प्रकाशसमोर बादली उचलली. दुसऱ्या दिवशी स्कूटीची किल्ली टेबलावर होती.

रविवार

मावशीच्या आठव्या आठवड्यात, शुक्रवारी, सायकलवरून उतरताना तिला चक्कर आली. पडली नाही, मी धरलं. स्नेहलने झोपवलं, पाय उंच केले, रक्तदाब बघितला. तो खाली गेला होता. विचारलं तर कळलं की एसटी चुकेल म्हणून ती सकाळपासून काही न खाता निघाली होती, आणि गोळी मात्र घेतली होती. मॉनिटरवर सगळं ठीक होतं. तासाभराने ती उठून बसली, साखर घातलेला चहा प्याली, मला म्हणाली, "भरती नाय आली, माजाच तळ दिसला."

स्नेहलने घरच्यांसाठी चिठ्ठी लिहिली, फोनही केला. पण घरच्यांनी एवढंच ऐकलं की मशिनीवर चक्कर आली. सोमवारी मावशी आली नाही. बुधवारीही नाही.

मी फोन लावला.

"पोरगा सोडत नाय," ती म्हणाली. "म्हणतो, तिथं मारतील तुला. मास्तरीण, तू ये. तू सांग त्याला. तुजं ऐकंल तो."

"येते मावशी. रविवारी येते."

"नक्की?"

"नक्की."

त्या रविवारी मी गेले नाही. पुढचं लिहायला मला जड जातंय, पण हे सगळं लिहायला घेतलं ते त्याच्यासाठीच, म्हणून लिहिते. मला वेळ नव्हता असं नाही. पालघरहून माहीम काही लांब नाही. माझं मन शाळेत अडकलं होतं. रविवारी मी घरी बसून संस्थाचालकांना पत्र लिहीत होते, खोडत होते, पुन्हा लिहीत होते. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मधे दोनदा तिचा फोन आला. एकदा मी उचलला आणि म्हटलं, "या आठवड्यात नक्की." दुसऱ्यांदा उचलला नाही.

आणि आणखी एक. मावशी नव्हती तेव्हा चांगली सायकल मला मिळायची, जिचा पायडल करकरत नव्हता. स्नेहल माझ्याकडे जास्त वेळ बघायची. मला ते बरं वाटत होतं. आजारपण माणसाला मोठं करतं असं जे म्हणतात त्यांनी माझ्याकडे यावं.

स्कोअरचं टेबल

बारा आठवडे झाले. शेवटी पुन्हा ते दोन शंकू, पुन्हा सहा मिनिटं. या वेळी मी वहीकडे बघितलं. अंतर पहिल्या दिवसाच्या दुपटीला थोडंच कमी होतं. डॉक्टरांनी शिक्क्यानिशी लिहून दिलं, मैदानावर काम करायला हरकत नाही. पळायचं नाही, शिकवायचं.

मुख्याध्यापकांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"राऊत बाई, आम्हाला तुमची काळजी आहे."

"मग मैदान द्या."

"पालकांच्या मनात भीती आहे. मुलांसमोर तुम्हाला काही झालं तर? आणि नवीन सर चांगलं करतायत."

"मला वर्गात काही झालं तर चालेल?"

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मी तीन वेळा अर्ज केला, दोन वेळा संस्थेच्या बैठकीबाहेर बाकावर बसले. अखेर तोडगा निघाला. आठवड्यातून चार दिवस ग्रंथालय, आणि सामने असतील तेव्हा मैदानाच्या कडेला टेबलाशी बसून गुण लिहायचे. सावलीत. मी ते घेतलं. नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती असं नाही. निवृत्तीला पाच वर्षं होती आणि मैदान दिसत तरी होतं. अजूनही मी त्या टेबलाशीच बसते. नवीन सर मुलींना थंड होऊ न देता घरी सोडतात. मी लिहिते.

माहीम

माझे बारा आठवडे संपून महिना झाला तेव्हा स्नेहलचा फोन आला. बारा आठवडे झालेल्या सगळ्यांची ती चौकशी करत होती. माझी करून झाल्यावर ती म्हणाली,

"काकू, हिरामावशी गेल्या. मला आजच कळलं. पंधरा दिवस झाले."

त्या रविवारी मी माहीमला गेले. वाड्यांच्या कुंपणांमधून रस्ता, मग कोळीवाडा. कोपऱ्यावर विचारलं तर लगेच घर दाखवलं. अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत होते. सून दीपा ते उलटे करत होती. मी नाव सांगितलं. तिने हात पदराला पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"तुमीच का मास्तरीण?"

"हो."

मुलगा बोटीवर गेला होता. तिने पायरीवर बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी जाताना मनात खूप राग घेऊन गेले होते. म्हणणार होते, हॉलला का सोडलं नाही तिला? पण मी काही विचारायच्या आधी तीच सांगायला लागली.

"आमी लय सांबाळलं हो. पाण्याचा हंडा उचलू दिला नाय. चूल नाय, बाजार नाय, अंगणाच्या बाहेर नाय. कागदावर आराम लिवलं होतं ना. आमी आरामच दिला. सकाळी चहा दिला, मी खाडीवर कोलीम काढायला गेले, येते तर इथंच कलंडलेली."

ती खरंच रडत होती. कुणी वाईट नव्हतं. माझ्या नवऱ्याने जे केलं तेच या पोरीने केलं होतं, त्याच एका शब्दावर विश्वास ठेवून. मी डॉक्टर नाही. हॉलला येत राहिली असती तर हिराबाई जगली असती, असं मला सिद्ध करता येणार नाही. स्नेहललाही येणार नाही. मावशीचं हृदय माझ्यापेक्षा जास्त खराब झालं होतं, हे स्नेहलने मला पुढे सांगितलं. पण मावशी कशी जगली असती ते मला माहीत आहे, आणि शेवटचे दोन महिने कशी जगली तेही त्या दिवशी कळलं.

"सोमवार, बुधवार, शुक्रवार," दीपा म्हणाली, "दुपारी जेवली की ते पांढरे बूट घालायची आणि इथं बसायची. ह्याच पायरीवर. मी म्हणायचे, आये, आज कुटं? म्हणायची, मास्तरीण येणार हाय, माज्या पोराला सांगणार हाय, मग मी जाणार. अंधार पडंपातूर बसायची. मग बूट काडून ठेवायची."

मी पाणी खाली ठेवलं.

"मी येणार होते," मी म्हटलं.

"येणार होता ना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती. "मग?"



मासवण

हॉल अजून चालू आहे, पण आता दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी तिथे दुसरं काहीतरी मशीन चालतं. येणाऱ्यांपैकी निम्मे मधेच सोडतात. कुणाची एसटी जुळत नाही, कुणाला घरचे सोडत नाहीत, कुणाला बरं वाटायला लागतं. मी स्नेहलला म्हटलं, जे येत नाहीत त्यांच्या घरी मी जाईन. ती आधी नको म्हणाली. मग तिने एकेकाला फोन करून विचारलं, चालेल का. बऱ्याच जणांनी नाही म्हटलं. ज्यांनी हो म्हटलं त्यांच्याकडे मी जाते. हे फार चांगलं काम आहे असं कुणी म्हणू नये. चांगलं असतं तर मी ते त्या पहिल्या रविवारीच केलं असतं.

गेल्या लावणीच्या दिवसांत मी मासवणला लखमाकडे गेले. पन्नाशीचा, पाच महिन्यांपूर्वी स्टेंट टाकलेला. हॉलला सहा वेळा आला आणि बंद झाला. तो घरी नव्हता, शेतात होता. गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत होता. थोड्या अंतरावर त्याची बायको. मी बांधावरूनच हाक मारली. त्याने वर बघितलं, कोण ते ओळखलं आणि पुन्हा वाकला.

"लखमादादा, हॉलला का येत नाही?"

"लावणी हाय, बाय."

मी त्याला हिराबाईची गोष्ट सांगितली. पायरी, बूट, सगळं. तो रोपं लावत ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "म्हातारी बिचारी बसून मेली. पण माजी लावणी कोन करील? तुमची ती पोरगी येंल?"

हॉल, मशीन, दुपारी तीनची वेळ, हे ज्याने ठरवलं त्याने लखमाला डोळ्यासमोर धरून ठरवलं नव्हतं. मी बांधावरूनच स्नेहलला फोन लावला. ती आधी चिडली, इतक्यात एवढं काम करायचं नाही म्हणाली, मी ते त्याला सांगितलं, त्याने मान हलवली आणि पुढची रोपं हातात घेतली.

"ऐकणारच नसेल," स्नेहल म्हणाली, "तर निदान एकटा नको. त्याला बोलतं ठेवा. एका दमात बोलता आलं तर ठीक. वाक्य मधे तुटलं की थांबवा. छातीत दुखलं, घाम फुटला तर लगेच घेऊन निघा."

मी बांधावर छत्री उघडून बसले आणि विचारायला लागले. मुलं किती? मोठा काय करतो? हे खाचर तुमचंच का? उत्तर सरळ आलं की पुढचा प्रश्न. शब्द मधेच अडकला की म्हणायचे, उभं राहा. पहिल्यांदा त्याने ऐकलं नाही. त्याची बायको चिखलातून मोठ्याने म्हणाली, "उबं ऱ्हा ना, ती सांगते ते!" मग तो उभा राहिला, कमरेवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता. श्वास खाली बसला की पुन्हा वाकायचा.

दुपारपर्यंत मला त्याच्या तिन्ही मुलांची नावं कळली, कुठली मुलगी कुठे दिली ते कळलं, गेल्या वर्षी कुठलं बियाणं फसलं ते कळलं. त्याने मला एकही गोष्ट विचारली नाही. खाचर भरत आलं तेव्हा तो बांधाशी आला, हात धुतले, आणि ओढ्याच्या पलीकडे बोट दाखवलं.

"उद्या तिकडं हाय मी," तो म्हणाला. "वाटंत चिकल लय हाय. चपला नको घालू."